आठ औषधांचा अर्ज

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला माझा दवाखाना होता. पुढे बाकं, मग एक हिरवा पडदा आणि पडद्यामागे मी. मी एल.सी.पी.एस. झालेला, म्हणजे डॉक्टरच, पण एम.बी.बी.एस.हून एक पायरी खालचा. आजच्या वाचकाला त्या अक्षरांचं काही वाटणार नाही, पण तेव्हा माणसाची उंची त्यांवरून मोजत. एकदा पुण्यातल्या एका एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या घरी चहाला गेलो होतो. त्यांनी बायकोला माझी ओळख करून दिली, "हे तिकडं चिंचवडला असतात, औषधं वगैरे देतात." माझ्या नावाआधीचा 'डॉक्टर' त्यांनी सरळ गिळून टाकला. मी हसलो, चहा प्यायलो आणि घरी येईपर्यंत दातओठ खात राहिलो. आपल्याखाली कुणीतरी असावं ही त्या दिवसांत माझी गरज होती. तो कुणीतरी मोशीला राहत होता.

मोशीला इंद्रायणीच्या काठावर एक निसर्गोपचारवाले होते. आज लिहिताना 'ते' म्हणतो, तेव्हा 'तो मातीवाला' म्हणायचो. लढाईच्या काळात ते लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय होते. पेनिसिलीन नवंनवं आलं तेव्हा मरणाच्या दारातले शिपाई आठवड्यात उठून बसलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. लढाई संपली, नोकरी सुटली आणि त्यांचं स्वतःचं जुनं पोटाचं दुखणं कुठल्याशा आश्रमात माती, उपास आणि एनिम्यानं बरं झालं. मग त्यांनी तेच काम धरलं. जस्ताच्या टबात गार पाण्यात बसवायचं, पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवायची, चार दिवस नुसतं ताक द्यायचं. चाकणच्या बाजाराला कांदा घेऊन जाणाऱ्या गाड्या त्यांच्या दारापुढं थांबत. मोशीपासून चाकणपर्यंत तेव्हा सुई टोचणारा धड माणूस नव्हता. असला तर आज आहे, उद्या नाही असा.

मातीनं काय बरं होतं आणि काय होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हीच माझी खरी पोटदुखी होती. ते मूर्ख असते तर मी त्यांच्यावर दया केली असती. आपल्या आवाक्याबाहेरचा रोगी आला की ते माझ्याकडे पाठवत आणि सोबत चिठ्ठी देत. वहीचं अर्धं पान, पेन्सिलीचं सुबक अक्षर. 'घशात दोन्ही बाजूंना पू. चार दिवस ताप. पेनिसिलीन लागेल असे वाटते. यापूर्वी घेतलेले नाही. आपण पाहावे.' आधी सुई घेतली आहे का, घेतली तर काय झालं, हे वाक्य प्रत्येक चिठ्ठीत ठरलेलं. लष्करातली सवय. मला ते वाक्य शाळामास्तरकी वाटायचं.

सुरुवातीच्या चिठ्ठ्या मी रोग्यासमोरच फाडल्या. त्याच रोग्याला मग पेनिसिलीनच टोचायचो, कारण तेच लागायचं. पण आधी त्याला ताटकळत ठेवायचो. "मोशीचे का? मग शेवटी बसा, अंगावरची माती वाळू द्या." बाकांवर हशा पिकायचा. माझा कंपाउंडर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा, तेही एक त्याचं काम होतं. एखादा भाबडेपणानं म्हणायचा, "आमच्या डाक्टरांनी सांगितलंय की..." मी त्याला तिथंच तोडायचो. "मोशीला डॉक्टर नाही. डॉक्टर इथं बसलाय. काय झालंय ते मी सांगीन, तू फक्त जीभ दाखव." हे मी इतक्यांदा म्हटलं की लोक बाकावर बसल्या बसल्या एकमेकांना शिकवू लागले, आत गेल्यावर मोशीचं नाव काढू नको म्हणून. मला त्याची मजा वाटायची.

मग पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना आला. परदेशातून आणावी लागणारी बाटली आता आमच्या नाकासमोर भरली जाऊ लागली. औषध मुबलक झालं तशी मोशीवाल्यांना, म्हणजे त्या निसर्गोपचारवाल्यांना, एक कल्पना सुचली. ती चुकीची होती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. त्यांनी सरकारकडे अर्ज केला की मला आठ औषधं लिहून देण्याची परवानगी मिळावी. फक्त आठ. त्यात पेनिसिलीन, सल्फाच्या गोळ्या, हिवतापाची गोळी आणि अशीच आणखी पाच, रोज लागणारी. त्यांनी परीक्षा घ्या म्हटलं होतं, कुणा डॉक्टरच्या देखरेखीखाली ठेवा म्हटलं होतं. पावसात रस्ता बंद झाला की माणसं दारातच मरतात, एवढंच कारण दिलं होतं.

अर्ज वर पाठवण्याआधी ते माझ्याकडे आले. दवाखाना रिकामा होता. मी त्यांना बसा म्हटलं नाही, तेही बसले नाहीत.

"आपली शिफारस असली तर बरं होईल," ते म्हणाले.

"मी कसा काय शिफारस करणार? तुमचं ज्ञान मला काय माहीत?"

"माझ्या चिठ्ठ्या आपल्याकडे येतात. त्यातलं किती बरोबर निघालं, किती चुकलं, आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही. आपण तेवढंच सांगा. चुकलेलंही सांगा."

मी अर्ज टेबलावर ठेवून घेतला आणि वाचतो म्हणालो. ते नमस्कार करून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माणसानं शत्रूला इतकं भोळेपणानं हत्यार नेऊन द्यावं याचं मला हसू आलं. त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या फाडणं बंद केलं. तारखेवार लावून खिळ्याला अडकवू लागलो. कंपाउंडरला वाटलं, साहेबांना पाझर फुटला.

दोन-तीन महिन्यांनी चौकशी लागली. पुण्याहून एक साहेब आले, त्यांच्याबरोबर एक म्हातारे डॉक्टर आणि स्थानिक म्हणून मी. शाळेचा एक वर्ग मोकळा करून दिला होता. आम्ही मास्तरच्या टेबलामागे आणि मोशीवाले समोर मुलांच्या ठेंगण्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. ती बाकं काढून खुर्ची ठेवता आली असती. मीच नको म्हटलं होतं. बाहेर व्हरांड्यात त्यांच्या गावची माणसं दाटीनं उभी होती, फेटे खिडकीच्या गजांना टेकलेले.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी साधे प्रश्न विचारले. लहान मुलाला किती, मोठ्याला किती, सुई किती वेळ उकळायची. सगळी उत्तरं बरोबर आली. साहेब मान डोलावू लागले. मग मी विचारायला लागलो. मी रात्री पुस्तकं काढून तयारी केली होती, खोटं कशाला सांगू. सहा महिन्यांचं मूल आहे, ताप आहे, मान ताठ आहे, काय कराल?

"तिथं मी काही करणार नाही. लगेच पुढं पाठवीन."

छातीत दुखतंय, घाम सुटलाय, नाडी लागत नाही?

"पाठवीन."

बाळंतिणीला थंडी वाजून ताप आलाय?

"पहिली सुई देईन आणि गाडी जुंपून पाठवीन."

मी अशा सात-आठ गोष्टी विचारल्या. प्रत्येक वेळी खरं उत्तर तेच होतं, आणि तेच देण्याइतके ते प्रामाणिक होते. मी साहेबांकडे वळलो. "अर्जदार स्वतःच म्हणतात की पाठवीन. मग पाठवायला परवानगी कशाला? बैलगाडी पुरेशी आहे." साहेब हसले. व्हरांड्यातलेही काही हसले, त्यांचेच लोक. माणूस ठेंगण्या बाकावर बसला असला की त्याला हसणं सोपं जातं.

"परवानगी उरलेल्यांसाठी हवी आहे," ते म्हणाले. "ज्यांना पाठवायची गरज नसते आणि जे पाठवल्यामुळं वाटेत मरतात."

हे वाक्य साहेबांना लागलं असावं. त्यांनी लिहायला पेन उचललं. तेव्हा मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

मोशीवाल्यांचा चेहरा उजळला. मी त्यांची शिफारस करणार असं त्यांना वाटलं. मी एकेक चिठ्ठी शांतपणे वाचली. 'पेनिसिलीन लागेल असे वाटते.' 'सल्फा सुरू करावे असे वाटते.' 'मागच्या खेपेस सुईनं अंगावर पुरळ आले होते, देऊ नये.' वाचून झाल्यावर विचारलं, "हे अक्षर आपलंच ना?"

"माझंच."

"औषध लिहून द्यायची परवानगी आपल्याला आज तरी आहे का?"

मी साहेबांना सांगितलं की परवानगी मागायच्या आधीच हे गृहस्थ दोन वर्षं औषधं लिहून देत आहेत. एवढंच नाही, आम्ही काय द्यायचं नाही हेसुद्धा आम्हाला कळवतात. त्या चिठ्ठ्यांतलं निदान जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर होतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साहेबांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. म्हातारे डॉक्टर माझ्याकडे एकदा बघून खिडकीबाहेर बघायला लागले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं त्यानंतर क्वचितच वाटलं असेल.

अर्ज फेटाळला गेला. वर ताकीद आली की कुठल्याही औषधाचं नाव कुठल्याही कागदावर लिहिल्यास खटला भरला जाईल. त्या ताकिदीची नक्कल मी मागून घेतली आणि दवाखान्यात लोकांना दिसेल अशी लावली. कंपाउंडरला बजावलं की मोशीवाला पायरी चढता कामा नये आणि त्याचा निरोपही घ्यायचा नाही.

मोशीवाल्यांनी ताकीद अक्षरशः पाळली. रोगी पाठवायचं काही थांबवलं नाही, पण चिठ्ठीवर आता दोनच शब्द असत. 'कृपया पाहावे.' काय झालंय ते नाही, किती दिवस ते नाही, आधी काय घेतलंय ते नाही. खरं सांगायचं तर मला त्या चिठ्ठ्यांची सवय लागली होती. घशात बघायच्या आधीच मला कळलेलं असायचं, आणि आता सगळं रोग्याकडून काढून घ्यावं लागायचं. रोगी तर माझ्याच शिकवणीमुळं तोंड उघडत नव्हते. मी चिडायचो आणि आणखी खेकसायचो.

पुढच्या थंडीत मोशीची एक तरुण बाई आली. पंचवीस-सव्वीसची असेल. नवरा कांद्याची गाडी घेऊन चाकणला गेला होता, म्हणून सासू सोबत होती. दोघींना एसटीनं घेऊन स्वतः मोशीवाले आले होते. ते रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभे राहिले. पडद्याच्या फटीतून मला दिसत होते. बाईचं नाव पुकारल्यावर सासू बाकावरच थांबली, कारण एका वेळी एकच माणूस आत, हा माझा नियम होता. तिनं चिठ्ठी पुढं केली. दोन शब्द.

"काय होतंय?"

"घसा धरलाय. थुकी बी गिळवत न्हाई." पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "आन् डाक्टरांनी तुमास्नी सांगाया लावलंय..."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

तिच्या लक्षात आलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. "मोशीच्या."

"मोशीला कुणी डॉक्टर आहे का गं? तिकडं भिंतीवर कागद लावलाय, वाचता येतो?"

"न्हाई जी."

पडद्याबाहेर कंपाउंडर हसला, त्याच्यामागून बाकं हसली. ती बाईही हसली. अवघडून, मोठ्या माणसानं थट्टा केली की हसावं लागतं तसं. आणि गप्प झाली. मी घशात बत्ती मारली. दोन्ही बाजूंना पू. मी सुई भरली, तिनं मुकाट्यानं दंड पुढं केला.

सुई काढून कापूस दाबला तेव्हा ती दंड खाजवायला लागली. मग मान. तिच्या अंगावर बघता बघता गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मला काय झालंय ते कळलं. अशा वेळी काय टोचायचं तेही माहीत होतं आणि ते कपाटात होतंही. पण दुसरी पिचकारी उकळत्या पाण्यात होती, हात भाजला, काचेची कुपी फोडताना अर्धी सांडली. मी टोचेपर्यंत तिची नजर माझ्यावरच होती. विचारल्यासारखी. मी तिला टेबलावर आडवी केली तेव्हा नाडी गेलेली होती. पडद्याबाहेर अजून कुणीतरी मघाच्या थट्टेवर बोलत होतं.

सासू पडदा सारून आत आली. आधी ती सुनेला नुसती हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मागल्या साली चाकणात सुई दिल्याली तवा बी आशीच सुजली व्हती. तवा वाचली. तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय कुनी?"

मोशीवाले आता रस्ता ओलांडून दारात आले होते. कंपाउंडरनं त्यांना अडवलं नाही. त्यांनी टेबलावर पाहिलं आणि दाराची चौकट धरली. बाकांवरची माणसं उठून पडद्यापाशी गोळा झाली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला भीती वाटली. दवाखान्याची, पुण्यातल्या त्या चहाच्या घराची, भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटची. मी टेबलावरची चिठ्ठी उचलली आणि चौकशीत वाचल्या होत्या तशाच आवाजात वाचली.

"कृपया पाहावे. एवढंच लिहून दिलंय. यात सुईचं कुठं आलंय?"

म्हातारी मोशीवाल्यांकडे वळली. "तुमास्नी तर समदं ठावं व्हतं. मंग लिवलं का न्हाई?"

त्यांच्यापाशी उत्तर होतं. ते माझ्याच भिंतीवर, त्यांच्या हाताच्या अंतरावर लावलेलं होतं. त्यांनी त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा. मग म्हातारीकडे पाहून म्हणाले, "नाही लिहिलं, आई."

तेवढंच बोलले. का, ते मला कधी कळलं नाही. कदाचित त्या क्षणी त्यांना स्वतःचाच राग आला असेल, तुरुंगात गेलो असतो तरी लिहायला हवं होतं असं वाटलं असेल. मी त्यांच्या जागी असतो तर माझं नरडं धरलं असतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर कंपाउंडर पिचकाऱ्या धूत होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "साहेब, ते मघाशी दोनदा येऊन गेले होते पायरीपर्यंत. बाईला सुई चालत नाही, साहेबांना सांग म्हणाले. मी म्हटलं, साहेबांना तुमचा निरोप चालत नाही."

"हे कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलूही नकोस." दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा तो कागद काढून चुलीत घातला. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, सगळ्यांचीच पडते. मोशीला जाऊन चार माणसांसमोर दोन वाक्यं बोलायला सकाळचा अर्धा तास लागला असता. मी एसटीच्या वेळाही पाहिल्या. गेलो नाही.

गावानं मोशीवाल्यांचे टब फोडले. तिच्या नवऱ्यानं त्यांना कानफटात मारलं असं कानावर आलं. महिन्याभरात ते गाव सोडून गेले, कुठं ते कुणी सांगेना. पुढच्या पावसाळ्यात मोशी-चाकणच्या बाजूनं माझ्याकडे फार थोडे रोगी आले. लोकांची तब्येत सुधारली असं मी म्हणायचो.

ती म्हातारी मात्र माझ्याकडे येत राहिली, वर्षानुवर्षं. सून गेल्यावर मागं राहिलेल्या नातीला कडेवर घेऊन यायची, पुढं हात धरून. येताना फडक्यात शेतातलं काहीतरी बांधून आणायची आणि बाकावरच्या नव्या माणसांना माझ्याबद्दल सांगायची. मी पडद्यामागून ऐकायचो. "त्या मातीवाल्यानं माजी सून मारली बगा. ह्या डाक्टरांनी लई धडपड केली, हात भाजून घ्येतला पार. देवमानूस हाय." मग तिची पाळी आली की ती आत यायची आणि नातीला माझ्यापुढं उभी करायची. पोरगी आईसारखीच हसायची. मी तिला जीभ दाखवायला सांगायचो.